शक्यता गुणिले इजा

मुहर्रकच्या आतल्या गल्लीतलं घर.
कागदावर एक कुटुंब, माणसं सहा.
दाराशी चपलांचे एकतीस जोड.
मी आधी चपलाच मोजतो.
माणसं गच्चीवर पाठवता येतात,
चपलांचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

दार उघडतात इस्माईल हमदुले,
मुक्काम दाभोळ, पूर्वी बोटीवर भंडारी,
आता एकतीस जणांच्या तव्याचे मालक.
माझं आडनाव ऐकून
"म्हणजे आपलेच," म्हणतात
आणि खांद्यावरच्या फडक्यानं खुर्ची पुसतात.
मी बसत नाही.
बसलं की आकडे मऊ होतात.

जिना: रुंदी अडुसष्ट सेंटिमीटर.
कठड्याच्या जागी नायलॉनची दोरी, तिच्यावर टॉवेल.
जिन्याखाली दोन सिलिंडर,
नळी चिरलेली, सायकलच्या ट्यूबनं आवळलेली.
एका प्लगातून निघालेल्या वायरी मोजता मोजता
मी दोनदा चुकलो.
वरच्या खोलीत एक खिडकी.
तिच्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चंदेरी कागद,
त्यावर कुणाच्या तरी लेकीनं खडूनं काढलेलं घर.
त्या घराला चार खिडक्या.
एसीचं पाणी तुपाच्या डब्यात टपकतंय,
डबा भरला की ज्याची झोप मोडेल त्यानं ओतायचा.
पलंग सोळा. बेकरीवाले उठतात
तेव्हा गोदीवाले निजतात.
मी एका गादीवर हात ठेवला,
गरम होती.

आणि छतावर, धुराचा वास घेणारं यंत्र,
त्याच्या तोंडावर पावाची पिशवी, रबरानं घट्ट.
"बांगडा तव्यावर टाकला की बोंबलतो," हमदुले म्हणाले,
"पोरं रातपाळी करून आलेली असतात.
झोप नको का माणसाला?"

शक्यता: चार.
इजा: पाच.
चार पंचे वीस.
वीस म्हणजे लाल,
लाल म्हणजे चोवीस तासांत घर रिकामं.
रिकामं म्हणजे कुठे, याला फॉर्मात रकाना नाही,
आणि बाहेर ऑगस्ट,
घामसुद्धा अंगावर वाळत नाही असा.

मागच्या साली गुदैबियातलं एक घर मी लाल केलं होतं.
दोन महिन्यांनी एका गॅरेजात
तीच शेगडी मला भेटली.
तिसऱ्या पायाखाली विटेचा तोच तुकडा.
तिथे खिडकीच नव्हती,
तेवढा रकाना मोकळा सोडता आला.

हमदुल्यांनी फॉर्ममध्ये डोकावून पाहिलं.
"लिवा, खरं तेच लिवा.
पण आज गुरुवार आहे.
रविवारी पाठवा.
दोन दिवस सुट्टीचे, पोरं जागा तरी बघतील."
मी म्हटलं, आगीला सुट्टी नसते.
ते म्हणाले, "आम्हाला पण."

मग मी नियमात नसलेलं केलं:
कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी नळी आणली, दोन क्लिपा,
सिलिंडर आम्ही दोघांनी अंगणात ओढले.
पावाची पिशवी काढली.
ते काही बोलले नाहीत.
तवा मात्र अंगणाच्या दिशेनं उचलला.

रात्री माझ्या फ्लॅटमध्ये.
पिशवीत रिपोर्ट, तारखेची जागा कोरी.
तेलात मोहरी टाकली
आणि सवयीनं नव्हे, पहिल्यांदाच, वर बघितलं:
हॉटेलातून आणलेली न्हाण्याची टोपी,
दोन वर्षांपूर्वी मीच चढवलेली.
खाली कॉलेजातलं माझं प्रमाणपत्र, काचेच्या चौकटीत.

स्टुलावर चढलो. टोपी ओढली.
तो इतके दिवस जागाच होता.
असा किंचाळला की मोहरी जळून गेली तरी
मला गॅस बंद करायचं सुचेना.

शेजारच्या बाई धावत आल्या, ओढणी अर्धी,
कडेवर झोपेतलं मूल.
"आग लागली का?"

अजून नाही, मी म्हणालो.